मूल्य आणि साध्यता यांचा चौकोन : १९९३ च्या भूकंपोत्तर पुनर्वसनातील प्राधान्यक्रमाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रस्तावना :

मराठवाड्याचा आधुनिक इतिहास हा बहुतांशी टंचाईचा इतिहास आहे. पाणी, निधी, मनुष्यबळ आणि वेळ या चारही गोष्टी येथे गरजेपेक्षा नेहमीच कमी राहिल्या. साधने कमी आणि कामे अनेक अशी स्थिती असली म्हणजे 'आधी कोणते काम घ्यावे ?' हा प्रश्न अटळ ठरतो. या प्रश्नाचे उत्तर देताना शासनाने वेळोवेळी याद्या केल्या, वर्ग पाडले, निकष ठरविले. त्या याद्यांतील एका ओळीने कोठे गाव हलले, कोठे ते जागेवरच राहिले. म्हणूनच प्राधान्यक्रम कसा ठरला, हा विषय केवळ प्रशासनाचा न राहता इतिहासाच्या अभ्यासकांचाही ठरतो.

आजच्या व्यवस्थापनशास्त्रात अशा निवडीसाठी एक सोपे दृश्य साधन वापरले जाते. एका उभ्या अक्षावर कामाचे मूल्य आणि एका आडव्या अक्षावर त्याची साध्यता मांडून चार कप्प्यांचा चौकोन तयार केला जातो आणि प्रत्येक काम त्यात आपापल्या जागी ठेवले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या चौकोनाच्या आधारे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या पुनर्वसनाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मूल्य–साध्यता चौकोनाच्या संकल्पनेची थोडक्यात ओळख करून देणे.
२) भूकंपोत्तर पुनर्वसनात गावांचे वर्गीकरण कोणत्या निकषांवर झाले, याचा शोध घेणे.
३) या वर्गीकरणाचे परिणाम दोन अक्षांच्या कसोटीवर तपासणे.
४) त्यातून आजच्या जिल्हा व ग्रामनियोजनासाठी काही बोध घेता येतो काय, ते पाहणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. पुनर्वसन कार्यक्रमाविषयी प्रसिद्ध झालेली माहिती हा या विवेचनाचा आधार आहे. येथे एक गोष्ट सुरुवातीसच स्पष्ट केली पाहिजे. १९९३ साली कोणाही अधिकाऱ्याने असा चौकोन समोर ठेवून निर्णय घेतले, असे येथे सुचवायचे नाही. चौकोन हे आजच्या अभ्यासकाचे उपकरण आहे. त्या काळातील माणसांना आजच्या मोजपट्टीने दोषी ठरविणे हा इतिहासलेखनाचा हेतू असू शकत नाही. निर्णय घेताना कोणत्या बाजूकडे लक्ष गेले आणि कोणती बाजू अंधारात राहिली, एवढेच या उपकरणाने पाहावयाचे आहे.

विषय विवेचन :

१) चौकोनाची वैचारिक पार्श्वभूमी

दोन कसोट्यांच्या छेदातून चार कप्पे पाडण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवस्थापनाच्या क्षेत्रात रूढ झाली. १९७० मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या संस्थेच्या ब्रूस हेंडरसन यांनी बाजारातील वाढ आणि बाजारातील वाटा या दोन अक्षांवर उद्योगसमूहातील व्यवसायांची मांडणी केली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जाणारा 'तातडीचे आणि महत्त्वाचे' हा चौकोन स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचला. मूल्य आणि साध्यता यांचा चौकोन याच कुळातील होय.

या चौकोनाचे चार कप्पे असे सांगता येतील. ज्या कामाचे मूल्य अधिक आणि साध्यताही अधिक, ते प्रथम हाती घ्यावे. मूल्य अधिक परंतु साध्यता कमी, अशा कामाची तयारी करावी. त्याचे टप्पे पाडावेत आणि अडथळे दूर करावेत. मूल्य कमी परंतु साध्यता अधिक असलेले काम सवडीने करावे. दोन्ही कमी असतील तर ते बाजूस ठेवावे. या मांडणीचे सामर्थ्य तिच्या दृश्यतेत आहे. फाईलमध्ये पानोपानी विखुरलेली तुलना एका कागदावर, एका दृष्टिक्षेपात येते आणि मतभेद नेमका कोणत्या अक्षाविषयी आहे, हे चर्चेत स्पष्ट होते.

ग्रामीण भागात याच विचाराची एक वेगळी धारा दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकसहभागी ग्रामीण मूल्यांकनाची पद्धती भारतात रुजू लागली. रॉबर्ट चेंबर्स यांचे नाव या पद्धतीशी जोडले जाते. गावकऱ्यांनी जमिनीवर चौकटी आखाव्यात आणि त्यांत खडे अथवा चिंचोके ठेवून पिकांची, पाणवठ्यांची किंवा कामांची क्रमवारी लावावी, असे तिचे स्वरूप होते. उद्योगातील चौकोनात निर्णय घेणारा एकच असतो. गावातील चौकटीत चिंचोका ठेवणारे हात अनेक असतात. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

२) दुष्काळी कामांची परंपरा

भूकंपापूर्वी या जिल्ह्याला प्राधान्यक्रमाचा अनुभव होता तो दुष्काळी कामांचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी होताच काम देता यावे यासाठी कामांचे आराखडे आधीच तयार ठेवण्याची पद्धत या योजनेने घालून दिली. मजुरीवरील खर्च किमान ६० टक्के असावा, हा तिचा महत्त्वाचा निकष होता.

चौकोनाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे साध्यतेच्या अक्षाला झुकते माप मिळाले. जे काम लगेच सुरू होऊ शकते आणि ज्यात अधिक हातांना काम मिळते, ते आधी. उपाशी माणसाला मजुरी मिळणे हेच त्या वेळचे सर्वोच्च मूल्य असल्यामुळे हा क्रम योग्यच होता. तथापि, त्या कामातून निर्माण होणारी मत्ता किती टिकेल, तिचा लाभ कोणाच्या शेताला होईल, हा दुसरा प्रश्न अनेकदा मागे राहिला. १९९३ साली नेमके उलट चित्र दिसणार होते.

३) ३० सप्टेंबर १९९३ आणि गावांचे वर्गीकरण

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपी गेली असताना, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदविली गेली. शासकीय आकडेवारीनुसार ७,९२८ जणांचा मृत्यू झाला. किल्लारी हे औसा तालुक्यातील गाव या आपत्तीचे नाव बनले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा परिसर उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. विभाजनानंतर उस्मानाबादकडे राहिलेल्या तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, कवठा आदी गावांनी या आपत्तीचा मोठा आघात सोसला. यांपैकी सास्तूरसह काही गावे पुढे स्वतंत्र झालेल्या लोहारा तालुक्यात गेली.

हानी एवढी मोठी का झाली, याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर असलेले माळवद, अशी येथील घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे हादऱ्याने आतल्या माणसांवर कोसळली. शिवाय तत्कालीन भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखविलेला होता. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात धक्के बसले होते आणि लोकांत भीती होती. परंतु नकाशा त्या भीतीला दुजोरा देत नव्हता. २००२ च्या सुधारित नकाशात या परिसराला तिसऱ्या क्षेत्रात स्थान मिळाले.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने 'महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम' आखला गेला आणि तो मुख्यतः १९९४ ते १९९८ या काळात राबविला गेला. त्यात गावांचे तीन वर्ग करण्यात आले. 'अ' वर्गात जवळजवळ पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे होती. त्यांचे नव्या जागी स्थलांतर करावयाचे होते. 'ब' वर्गातील २२ गावांची त्याच जागी पुनर्बांधणी करावयाची होती. 'क' वर्गात अनेक जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांचा समावेश होता. तेथील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते.

या वर्गीकरणाचा मुख्य आधार पडझडीचे प्रमाण हा होता. काळ्या मातीच्या थराच्या खोलीचाही विचार झाला. म्हणजे उभा अक्ष स्पष्ट होता. जेथे हानी अधिक, तेथे शासनाचा हस्तक्षेप अधिक. हा निकष न्याय्य, समजण्यास सोपा आणि सार्वजनिक जीवनात टिकणारा होता. कोट्यवधींचा निधी कोणत्या गावाला द्यावयाचा, या प्रश्नाला दबावाखाली उत्तर देताना मोजता येणाऱ्या निकषाचा आधार प्रशासनाला आवश्यकच होता. परंतु आडवा अक्ष, म्हणजे नवे गाव वसविणे आणि ते नांदते राहणे कितपत साध्य आहे हा प्रश्न, त्या प्रमाणात मांडला गेला नाही.

४) 'अ' वर्गातील गावे : मूल्य अधिक, साध्यता गृहीत

ढिगाऱ्याखाली आप्त गमावलेल्या लोकांनाच त्या जागी पुन्हा राहावयाचे नव्हते, ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. स्थलांतराच्या निर्णयामागे भीतीचे आणि शोकाचे मोठे बळ होते. देशभरातील संस्था व उद्योगसमूह गावे दत्तक घेण्यास पुढे आले. त्यामुळे निधी आणि बांधकाम या दोन बाबतींत साध्यता उंच दिसत होती. भूधारणेनुसार घरांचे आकार ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरपर्यंतच्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट असे हे प्रमाण होते.

साध्यतेचे जे घटक बांधकामाच्या पलीकडचे होते, ते पुढे प्रकट झाले. पहिला घटक जमिनीचा. नव्या गावठाणांची मांडणी रुंद व सरळ रस्त्यांची, सुट्या घरांची होती. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा त्यासाठी लागली आणि ती शेतजमिनीतूनच आली. दुसरा घटक देखभालीचा. गाव जितके पसरते, तितकी जलवाहिनी, गटारे, रस्ते आणि दिवे यांची लांबी वाढते. त्यांच्या खर्चाचा भार मात्र लहानशा ग्रामपंचायतीवर येतो. तिसरा घटक जीवनपद्धतीचा. शेतकऱ्याच्या घराला गोठा, कडब्याची जागा, अवजारांचा कोपरा आणि आडोशाचे अंगण लागते. शहरी धाटणीच्या काँक्रीटच्या खोल्यांत यांना जागा नव्हती. उन्हाळ्यात त्या खोल्या तापत. लोकांनी नंतर पत्र्याची छपरे, कुडाच्या भिंती आणि पडव्या जोडून ती घरे आपलीशी केली.

चौथा घटक सर्वांत सूक्ष्म, म्हणजे शेजाराचा. जुन्या गावात गल्ली ही भावकीची, जातीची आणि व्यवसायाची होती. त्या रचनेत विषमता होती, हे नाकारता येणार नाही. परंतु अडीअडचणीचा आधारही त्याच गल्लीत होता. नव्या गावात घराच्या आकारानुसार भूखंडांचे गट पडले. परिणामी भूमिहीन एका बाजूस आणि मोठे जमीनदार दुसऱ्या बाजूस, अशी भूधारणेवर आधारलेली नवी विभागणी नकाशावर उमटली. जुनी विषमता पुसण्याची संधी असताना तिला नव्या रेषांनी आखून देणारे हे नियोजन ठरले.

५) 'क' वर्गातील गावे : साध्यता अधिक, मूल्याविषयी मतभेद

'क' वर्गाची कहाणी वेगळी आहे. येथे घरमालकानेच दुरुस्ती करावयाची होती. हानीच्या श्रेणीनुसार १७,००० किंवा ३४,००० रुपयांचे साहाय्य ठरले आणि ते कामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी द्यावयाचे होते. मोठ्या संख्येने पसरलेल्या घरांपर्यंत पोहोचण्यासाठी गावोगावी 'संवाद सहायक' नेमण्यात आले; त्यांत महिलांचा सहभाग लक्षणीय होता. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने या लोकसहभागाच्या कामात महत्त्वाची भूमिका बजावली. 'अ' व 'ब' वर्गातील गावांत असेच काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते.

तंत्रज्ञांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम होते ते जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचे. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बसविणे, माळवदावरील मातीचे ओझे कमी करणे, कोपरे आवळणे आणि भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा घालणे, असे ते उपाय होते. कमी खर्चात अधिक जीव वाचविणारे हे काम चौकोनाच्या पहिल्या कप्प्यात बसणारे होते. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य कुटुंबांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या रकमेत एक नवी, विटांची पक्की खोली बांधणे पसंत केले. दगडानेच माणसे मारली, ही भावना मनात खोल रुजली होती. मजबूत केलेल्या दगडी भिंतीवर अभियंत्याचा विश्वास होता. त्याखाली झोपणाऱ्याचा नव्हता.

हा मुद्दा मूल्याच्या अक्षाविषयी फार काही सांगून जातो. एकच काम तज्ज्ञांच्या चौकोनात वरच्या कप्प्यात आणि गावकऱ्यांच्या चौकोनात खालच्या कप्प्यात असू शकते. 'क' वर्गाच्या कार्यक्रमाचे यश असे की, निर्णय घरमालकाच्या हाती असल्यामुळे हा मतभेद दडपला गेला नाही. लोकांनी तो आपल्या निवडीतून व्यक्त केला. त्याची मर्यादाही तितकीच खरी. नव्या खोलीच्या शेजारी जुने दगडी घर अनेक ठिकाणी तसेच उभे राहिले.

६) मूल्य कोणाचे आणि साध्यता कोणाची ?

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता चौकोनाविषयी दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, अक्षाला नाव देणे हाच खरा निर्णय असतो. 'अ' वर्गात मूल्य म्हणजे हानीची भरपाई असे धरले गेले; नांदते गाव हे मूल्य धरले असते तर पाणी, गोठा आणि शेजार यांनाही गुण मिळाले असते. दुसरी अशी की, साध्यता ही बांधकाम पूर्ण होण्याच्या दिवशी संपत नाही. देणगीदाराच्या दृष्टीने चावी हाती दिली की काम सिद्ध झाले; ग्रामपंचायतीच्या दृष्टीने त्याच दिवशी ते सुरू झाले.

'अ' वर्गातील काही गावांना 'ब' वर्गाचा मार्ग, म्हणजे त्याच जागी पुनर्बांधणी, अधिक हितावह ठरला असता काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. इतिहासात 'असे झाले असते तर' या प्रश्नाला ठाम उत्तर नसते. तरीही हा पर्याय प्रत्येक गावापुढे चौकोनाच्या रूपाने मांडला गेला असता, तर निदान तुलना करून निवड करण्याचा अधिकार गावाला मिळाला असता. शोकाच्या पहिल्या काही आठवड्यांत घेतलेला निर्णय पिढ्यान्‌पिढ्यांचा पत्ता बदलतो, याची जाणीव अशा मांडणीतून झाली असती.

७) १९९३ नंतरचा प्रवास

या अनुभवाचा उपयोग पुढे झाला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातेत घरमालकाने स्वतः बांधण्याच्या पद्धतीवर मोठा भर देण्यात आला आणि सक्तीच्या स्थलांतराला फारसा वाव राहिला नाही. लातूर–उस्मानाबादच्या महिलांनी कच्छमध्ये जाऊन तेथील महिलांना आपला अनुभव सांगितला. २००५ मध्ये देशाला आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा मिळाला.

जिल्ह्याच्या नियोजनातही प्राधान्यक्रमाची नवी साधने आली. २०१५-१६ पासून राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून ग्रामपंचायतींनी स्वतःचे आराखडे तयार करणे अपेक्षित झाले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशिम, गडचिरोली यांच्यासह उस्मानाबादची निवड झाली. त्यात ४९ निर्देशांकांना भार देण्यात आला. आरोग्य व पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के, शेती व जलसंपदेला २० टक्के, तर आर्थिक समावेशन व कौशल्यविकास आणि पायाभूत सुविधा यांना प्रत्येकी १० टक्के. हा भार म्हणजेच मूल्याच्या अक्षाचे जाहीर विधान होय. ते जाहीर असल्यामुळे त्यावर वाद घालता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र दुष्काळी जिल्ह्यात पाण्याला याहून अधिक भार हवा काय, हा प्रश्न जिल्ह्यातूनच विचारला गेला पाहिजे.

निष्कर्ष :

१) दुष्काळी कामांत साध्यतेला आणि भूकंपोत्तर स्थलांतरात हानीवर आधारलेल्या मूल्याला प्राधान्य मिळाले. दोन्ही वेळी दुसरा अक्ष दुय्यम राहिला.

२) 'अ', 'ब', 'क' हे वर्गीकरण पारदर्शक व राबविण्यास सोपे होते, परंतु नव्या गावाची देखभाल, जमीन आणि समाजरचना यांचा विचार त्यात पुरेसा झाला नाही.

३) घरमालकाकडे निर्णय सोपविणाऱ्या 'क' वर्गात तज्ज्ञांचे मूल्य आणि लोकांचे मूल्य यांतील अंतर उघड झाले. हे अंतर समजून घेणे हाच नियोजनाचा प्रारंभ असावयास हवा.

४) 'मूल्य अधिक, साध्यता कमी' हा कप्पा नकाराचा नसून तयारीचा आहे. मराठवाड्याच्या पाणीप्रश्नासारखी कामे वर्षानुवर्षे याच कप्प्यात असतात. कठीण म्हणून ती वगळली तर चौकोन हा सोयीच्या कामांचे समर्थन करणारा कागद ठरेल.

५) चौकोन कार्यालयात एकदा आणि ग्रामसभेत एकदा, असा दोनदा भरला जावा. दोन्ही चौकोन जेथे जुळत नाहीत, तेथेच चर्चेची खरी गरज असते.

समारोप :

सास्तूर किंवा होळीसारख्या गावांत आज भूकंपानंतर जन्मलेली पिढी कर्ती झाली आहे. तिच्यासाठी नवे गाव हेच गाव आहे. जुन्या गावठाणाची आठवण सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. कोणत्या निकषाने गाव हलले, तेव्हा कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, याची नोंद त्यांच्या हयातीतच व्हावयास हवी. इतिहास, समाजशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन पुनर्वसित गावांच्या मौखिक इतिहासाचे संकलन हाती घेतले, तर ते जिल्ह्यातील महाविद्यालयांचे मोलाचे योगदान ठरेल. चौकोनाच्या भाषेत बोलावयाचे तर या कामाचे मूल्य मोठे आहे आणि गावे महाविद्यालयांच्या परिसरातच असल्याने त्याची साध्यताही मोठी आहे. पहिल्या कप्प्यातील काम लांबणीवर टाकू नये, एवढाच या विवेचनाचा सांगावा आहे.